विदूषकाचे गणगोत

पावसाळा ओसरला, की पेडणे तालुक्यातील हरमलच्या किनाऱ्यावर देशोदेशींचे पाहुणे उतरू लागतात. त्यांत नुसते ऊन खात पडणारे असतात, तसेच हरहुन्नरी खेळियेही असतात. सूर्य समुद्राला टेकला, की कोणी एकाच वेळी चार-पाच चेंडू झेलतो, कोणी पेटते पलिते फिरवितो, तर कोणी नाकावर तांबडा गोळा चढवून पावलोपावली धडपडतो आणि भोवतालच्या पोरांना हसवितो. किनाऱ्यावर असे विदेशी विदूषक दिसतात, तसाच बांबूंच्या कैच्यांवर ताणलेला डोंबाऱ्याचा दोरही दिसतो. खाली बाप ढोल बडवीत असतो, आई थाळी घेऊन फिरत असते आणि आठ-दहा वर्षांची मुलगी हातात आडवी काठी धरून दोरावरून चाललेली असते.

असाच एक फिरस्ता विदूषक त्या दोराखाली येऊन उभा राहिलेला आम्ही पाहिला आहे. त्याला त्या कुटुंबाची भाषा येत नव्हती आणि त्या कुटुंबाला त्याची. त्याने पायाच्या अंगठ्याने वाळूत एक रेघ ओढली आणि जणू ती आकाशातच ताणलेली आहे अशा भयाने, दोन्ही हात पसरून, तो तिच्यावरून डळमळत चालू लागला. दोरावरची मुलगी खुदकन हसली. बापाने ढोलाचा ठेका त्याच्या पावलांशी मिळवून घेतला. खेळ आटोपल्यावर विदूषक त्यांच्याच फाटक्या चादरीवर बसला, त्यांच्याच पेल्यातून चहा प्याला आणि दोर ताणण्याची त्यांची युक्ती न्याहाळू लागला. तिथे कोणी कोणावर उपकार करीत नव्हते. एका धंद्यातील दोन माणसे एकमेकांचे हात पाहत होती, इतकेच.

हे दृश्य गोड आहे म्हणून आम्ही त्याविषयी लिहीत नाही. परक्या मुलखातून आलेल्या विदूषकाला जी ओळख क्षणार्धात पटली, ती आपणां देशबांधवांना शतकानुशतके का पटू नये, हा प्रश्न आम्हांस अस्वस्थ करतो. चेंडू झेलणाऱ्या गोऱ्या तरुणाला आपण कलावंत म्हणतो. डोंबाऱ्याच्या मुलीपुढे नाणे टाकून मान फिरवितो. पर्यटक म्हणून आलेल्याने येथे पैसे मिळवावेत की नाही, हा कायद्याचा वेगळा प्रश्न आहे. आमचा प्रश्न नजरेचा आहे. कसरत तीच, पोटही तेच. मग एकाच्या हाती टोपी आणि दुसरीच्या हाती भिक्षापात्र आपणांस दिसते, ते कशामुळे?

आपली परंपरा इतकी कोती नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नट, नर्तक, गायक, वादक यांच्याबरोबर दोरावर चालणाऱ्या ‘प्लवकां’चीही गणना आहे आणि बाहेरून आलेल्या खेळियांनी पाच पण ‘प्रेक्षावेतन’ राजाला द्यावे, असा दंडक आहे. कर घेणे म्हणजे धंदा मान्य करणे. ज्याच्याकडून राजा कर घेतो, त्याला भिकारी म्हणता येत नाही. शूद्रकाच्या मृच्छकटिकातील विदूषकाचे नाव मैत्रेय, हेही लक्षणीय आहे. चारुदत्ताची संपत्ती गेली, आश्रित पांगले. पण मैत्रेय राहिला. विदूषक हा मूळचाच पडत्या काळातील मित्र होय. आमच्या दशावतारातील संकासुर काळ्या वेषात येऊन पंचक्रोशीची फिरकी घेतो, तेव्हा त्याला कोणी याचक म्हणत नाही. देवळाच्या प्रांगणात जो मान आहे, तो रस्त्यावर मात्र नाही.

खेळियांची ही देवाणघेवाणही आजची नव्हे. मद्रासकडचा रामो सामी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात विलायतेस गेला आणि चेंडू झेलण्याच्या त्याच्या हस्तलाघवाने लंडनचे प्रेक्षक थक्क झाले. विल्यम हॅझलिटसारख्या निबंधकारास हिंदी खेळियांच्या त्या कौशल्यावर लेखणी चालवावीशी वाटली. पण १८५० साली रामो सामी लंडनमध्ये वारला, तेव्हा त्याच्या अंत्यविधीच्या खर्चासाठी त्याच्या पत्नीला लोकांपुढे हात पसरावा लागला. उलट दिशेने पाहावे, तर १८७९ साली कियारिनी या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली. तिचे खेळ पाहून कुरुंदवाड संस्थानच्या पदरी असलेले अश्वविद्यानिपुण विष्णुपंत छत्रे यांनी जिद्द बांधली आणि १८८० च्या मार्चमध्ये पहिली हिंदी सर्कस उभी केली. पुढे तेलीचेरीच्या कीलेरी कुन्हीकण्णन यांनी कसरतपटूंच्या पिढ्या घडविल्या. ‘मेरा नाम जोकर’ या १९७० सालच्या चित्रपटात तर जेमिनी सर्कशीच्या तंबूत रशियन खेळिये वावरताना आपण पाहिले. कला अशीच वाढते. पाहुण्याने शिकवावे आणि पाहुण्याने शिकून जावे. मात्र त्या देण्याघेण्यात रस्त्यावरचा खेळिया नेहमीच देणारा राहिला आणि रिताच राहिला.

त्याच्या पदरी काय आले, ते कायद्याच्या पानांत वाचावे. ब्रिटिश सरकारने १८७१ साली कायदा करून अनेक भटक्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. स्वतंत्र भारताने तो कायदा १९५२ साली रद्द केला खरा. पण अवघ्या सात वर्षांनी, १९५९ साली, मुंबई राज्याचा भिक्षा प्रतिबंधक कायदा आला. त्यात गाणे, नाचणे, भविष्य सांगणे वा खेळ करून दाखविणे या निमित्ताने पैसे मागणेही भीक ठरले. म्हणजे शिक्का पुसला आणि डाग ठेवला! गोव्यातही १९७२ पासून भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये भीक मागण्यास गुन्हा ठरविणाऱ्या तरतुदी दिल्लीपुरत्या घटनाबाह्य ठरविल्या. त्या निवाड्यापासून इतर राज्यांनी बोध घ्यावयास हवा होता.

यावर एक सबळ आक्षेप आहे, आणि तो आम्ही टाळू इच्छित नाही. दोरावरची ती मुलगी शाळेत असावयास हवी, दोरावर नव्हे. हे सोळा आणे खरे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सर्कशीत मुलांना कामास लावण्यास मनाई केली, ती योग्यच होती. अस्वल, माकड, वाघ, सिंह यांचे खेळ १९९८ च्या अधिसूचनेने बंद झाले, तेही योग्यच होते. त्या मुक्या जिवांचे आणि त्या मुलांचे हाल ज्यांनी पाहिले आहेत, ते या निर्णयांविरुद्ध बोलणार नाहीत. परंतु मनाई करणारा हात जितक्या तत्परतेने पुढे येतो, तितक्या तत्परतेने आधार देणारा हात पुढे येत नाही. शिवाय २०१६ च्या दुरुस्तीने बालकामगार कायद्यात चित्रपट-दूरचित्रवाणीच्या क्षेत्रातील मुलांसाठी अटींवर सवलत ठेवली. सर्कस तेवढी वगळली. झगमगत्या मंचावरील मूल ‘प्रतिभावंत’ आणि वाळूवरील मूल ‘सोडवून न्यावयाचे’! मुलीला खाली उतरवावे, हे कबूल. पण ती खाली उतरल्यावर त्या घराची चूल कशी पेटावी, याचे उत्तर कोणी द्यावयाचे?

उत्तर अवघड नाही. दोर मुलीचा नसेल, तर तो तिच्या थोरल्या भावाचा, आईचा, बापाचा असू शकतो. मात्र त्यासाठी त्यांचा खेळ हा धंदा आहे, हे आधी मान्य करावे लागेल. आमची सूचना साधी आहे. कला व संस्कृती खात्याने या फिरत्या खेळियांची नोंद करून त्यांना कलावंताचे ओळखपत्र द्यावे, म्हणजे कोणीही यावे आणि हाकलावे असे होणार नाही. पालिका व पंचायतींनी बाजारात, किनाऱ्यावर आणि जत्रेत त्यांना एक कोपरा नेमून द्यावा, हवे तर कौटिल्याप्रमाणे माफक शुल्कही घ्यावे. शिगमो आणि कार्निव्हालच्या मिरवणुकांवर सरकार खर्च करते. त्यांत सज्ञान डोंबारी, बहुरूपी आणि कसरतपटू यांना ठरलेल्या बिदागीवर मानाने बोलवावे. आणि त्या बदल्यात एकच अट असावी, मूल शाळेत गेले पाहिजे. फिरत्या कुटुंबाच्या मुलाला मुक्काम असेल तेथे प्रवेश मिळावा, ही जबाबदारी मात्र शिक्षण खात्याने आपल्या शिरावर घ्यावी.

हंगाम संपला, की हरमलचा तो विदूषक आपली पेटी उचलून दुसऱ्या देशी जाईल. त्याचे गणगोत येथेच राहील, पुढच्या गावी दोर ताणील, पोलिसाची काठी दिसताच गुंडाळील. विदूषकाने वाळूत ओढलेली रेघ भरतीने पुसून जाते. आपण माणसामाणसांत ओढलेली रेघ पुसण्यास समुद्र येणार नाही. ती आपणच पुसावयाची आहे.