शहामृगाला कोर्ट, कोंबडीला खड्डा

बर्ड फ्लू शिरला म्हणून मारायचे ठरलेले कॅनडातल्या एजवूडचे तीनशेहून अधिक शहामृग वाचवायला मालक सुप्रीम कोर्टापर्यंत भांडले. नोव्हेंबर २०२५ मध्ये हरले, पक्ष्यांना गोळ्या घातल्या, जगभर हळहळ झाली. आमच्या नागपुरात सेमिनरी हिल्सच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रात मार्च २०२४ मध्ये त्याच रोगापायी साडेआठ हजारांवर कोंबड्या मारल्या, तेव्हा माझ्या ओळखीच्यांना एकच चिंता पडली होती: रविवारी सावजीकडे जायचं की नाही?

मी वीस वर्षं कोंबड्या पाळल्या. आठवड्याचं पिल्लू डाव्या मुठीत धरायचं, मान जराशी कलती करायची, डोळ्यात लासोटा लसीचा एक थेंब. त्यानं डोळा मिचकावला की सोडायचं, पुढचं उचलायचं. राणीखेत, गंबोरो, मॅरेक्स, देवी, सगळ्यांवर लस. एच५एन१सारखा जहाल बर्ड फ्लू म्हटलं की मात्र खड्डा आणि चुना. बाधित जागेच्या एक किलोमीटरच्या आत असलात तर धडधाकट कोंबडीलाही माफी नाही. २००६ मध्ये नवापूरला हेच केलं, २०२१ मध्ये पुन्हा नवापूरलाच तेच.

साहेब लोक सांगतात, लस दिलेली कोंबडी मरत नाही, पण विषाणू गुपचूप पसरवू शकते. खरं आहे. मग तपासा ना! फ्रान्सनं ऑक्टोबर २०२३ पासून बदकांना लस टोचली आणि सोबत नियमित नमुने तपासले. २०२१-२२ च्या हंगामात तिथं १,३७८ उद्रेक झाले होते, २०२३-२४ मध्ये १०. त्या साली रोगाचा जोरही कमी होता म्हणा. तरी फरक केवढा!

मग निर्यातीचं तुणतुणं: लस टोचली तर परदेशी गिऱ्हाईक माल घेणार नाही. परदेशी अंडी जातात ती मुख्यतः नमक्कलची. काटोलकडच्या परसातल्या दहा कोंबड्यांनी मस्कतच्या गिऱ्हाइकासाठी का मरावं? भोपाळच्या प्रयोगशाळेनं सौम्य एच९एन२ बर्ड फ्लूची लस केलीच आहे. म्हणजे डोकं आहे, इच्छा नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला. भोपाळहून अहवाल आला: एच५एन१. लगेच राज्यभरच्या प्राणिसंग्रहालयांना सावधगिरीचे आदेश. वाघाला निदान बातमी मिळते.

माझ्या ओळखीच्या एका बाईच्या अकरा कोंबड्या अशाच एक किलोमीटरच्या वर्तुळात सापडल्या. पोत्यात घालून नेल्या, हातावर पावती ठेवली. ती पावती तिनं गव्हाच्या डब्यात जपून ठेवली आहे. मी दिसलो की विचारते, ‘‘पैसे कधी भेटतीन, भाऊ?’’