तेलाचा भाव क्वालालंपूरला, घाम मात्र लातूरला!

बेकरीवाला असो, खानावळवाला असो की भज्यांची गाडी लावणारा, सकाळी धंदा सुरू करण्यापूर्वी तो एकच गोष्ट विचारतो: डबा कितीला? 15 किलोच्या त्या डब्यात आज बहुधा पामोलिन असते आणि त्याचा भाव आपल्या बाजारपेठेत नव्हे, तर मलेशियातील क्वालालंपूरच्या वायदेबाजारात हलतो. शेतीप्रधान म्हणवणाऱ्या देशावर ही पाळी का आली, याचा विचार व्यापारी आणि शेतकरी या दोघांनीही केला पाहिजे असे आम्हाला वाटते.

परिस्थिती नेहमीच अशी होती असे नाही. 1986 मध्ये केंद्र सरकारने तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू केले. त्या सुमारास देशातील तेलबियांचे उत्पादन 108 लाख टनांच्या आसपास होते. सुधारित बियाणे आले, हमीभाव वाढले, आयातीवर सरकारचे नियंत्रण राहिले. 1989 पासून राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळाने बाजारात उतरून भाव एका मर्यादेत राखण्याचे काम केले. ‘धारा’ हे नाव त्याच काळात घरोघरी पोहोचले. परिणाम असा की, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आयात गरजेच्या जेमतेम तीन टक्क्यांवर आली. याच यशाला पीतक्रांती म्हणतात. 1998-99 मध्ये उत्पादन 247 लाख टनांपर्यंत गेले.

पण तोवर धोरणाने दिशा बदलली होती. 1994 मध्ये पामोलिनची आयात 65 टक्के शुल्क लावून खुली झाली. पुढल्याच वर्षी शुल्क 30 टक्क्यांवर आले आणि 1998 पर्यंत 15 टक्क्यांवर घसरले. जे आठ वर्षांत उभे राहिले, त्याची भिंत चार वर्षांत उतरवली गेली. स्वस्त तेल आले, गोरगरिबांच्या कढईला दिलासा मिळाला, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु घाणेवाल्यांचे आणि लहान तेलगिरण्यांचे गणित मात्र बिघडले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. देशातील उत्पादन घटले, असे कोणी म्हणत असेल तर ते खरे नाही. 2022-23 मध्ये तेलबियांचे उत्पादन 390 लाख टनांच्या घरात होते. उत्पादन वाढले, पण खाणारी तोंडे वाढली, खिशात पैसा आला, तळणाची सवय वाढली आणि खप उत्पादनाच्या कितीतरी पुढे निघून गेला. 2022-23 च्या तेलवर्षात सुमारे 165 लाख टन खाद्यतेल बाहेरून आले. आपल्या गरजेतील निम्म्याहून अधिक तेल परदेशी आहे. दुसऱ्याच्या विहिरीवर पाणी भरणाऱ्याची जी गत होते ती आपण 2022 मध्ये अनुभवली. फेब्रुवारीत युक्रेनचे युद्ध पेटले आणि सूर्यफूल तेल अडले. एप्रिलच्या अखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली. डब्याचा भाव आपल्या हातात नाही, हे तेव्हा प्रत्येक गाडीवाल्याला कळले.

दुसरी गोष्ट पिकांची. भुईमूग, करडई, तीळ ही आपली जुनी तेलाची पिके. सोलापूर-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत रब्बीची करडई कमी पाण्यावर येत असे. आज तिचे क्षेत्र फार आक्रसले आहे आणि खरिपात जिकडे तिकडे सोयाबीन आहे. सोयाबीनमध्ये तेल असते सुमारे 18 टक्के. बाकी बहुतांश पेंड. म्हणजे सोयाबीनचा शेतकरी तेलापेक्षा पेंडीच्या बाजारावर जगतो. पेंडीला उठाव नसला की, तेल महाग असूनही त्याच्या पदरात काही पडत नाही. 2024 च्या हंगामात हेच झाले. हमीभाव 4,892 रुपये क्विंटल होता. सप्टेंबरमध्ये सरकारने कच्च्या तेलावरील मूळ शुल्क 20 टक्क्यांवर नेले. तरीही लातूरच्या बाजारात सोयाबीन हमीभावाखालीच विकले गेले. पुढे 30 मे 2025 रोजी तेच शुल्क 10 टक्क्यांवर आणले गेले. म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडावर! बियाणे हातात घेतलेल्या शेतकऱ्याने यातून कोणता अर्थ काढावा?

सरकारने 2021 मध्ये पामलागवडीसाठी 11,040 कोटींचे आणि 2024 मध्ये तेलबियांसाठी 10,103 कोटींचे अभियान मंजूर केले. 2030-31 पर्यंत तेलबियांचे उत्पादन 697 लाख टनांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट चांगले आहे. पण 1986 चा धडा असा की, नुसत्या बियाण्याने क्रांती होत नाही. पिकलेल्या मालाला भावाचा भरवसा लागतो.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. आयातशुल्क मर्जीने नव्हे, नियमाने ठरावे. जागतिक भाव पडले की शुल्क आपोआप चढावे, भाव चढले की उतरावे, आणि हा नियम पेरणीपूर्वी जाहीर असावा. गरिबाला स्वस्त तेल द्यायचे तर ते रेशन दुकानातून द्यावे; त्याचा बोजा शेतकऱ्याच्या डोक्यावर टाकू नये. करडई आणि भुईमुगाची हमीभावाने खरेदी प्रत्यक्षात व्हावी, कागदावर नव्हे. आणि घाण्याच्या तेलाला पुन्हा गिऱ्हाईक मिळू लागले आहे, तेव्हा तालुक्याच्या ठिकाणी लहान घाणेवाल्याला बँकेने दारातून परत पाठवू नये.

व्यापाऱ्यांनाही एक सांगणे आहे. भेसळीने चार पैसे सुटतात, पण 1998 मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलातील भेसळीने माणसे दगावली आणि साऱ्या धंद्याची पत गेली. आपल्या मातीतील तेलाला बाजार हवा असेल, तर डब्यावर लिहिलेले तेच डब्यात असले पाहिजे. भाव सरकार सावरू शकेल. विश्वास मात्र दुकानदारालाच सावरावा लागतो.