बास अ‍ॅम्प घ्यायचाय? आधी घड्याळ बघा

मंडळी, आजचा विषय तसा अल्पसंख्याकांचा. गिटार वाजवणारे गल्लोगल्ली सापडतात, बास वाजवणारा मात्र शोधावा लागतो. तरीही गेल्या वर्षभरात ऑफिसातल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारलाय - "बास घेतली रे, आता घरी प्रॅक्टिसला स्वस्तातला अ‍ॅम्प कुठला घेऊ?" आणि मी तोंड उघडायच्या आत पुढचा प्रश्न - "किती वॅटचा?"

माझं उत्तर ठरलेलं आहे. वॅटचं नंतर बघू, आधी सांग तू वाजवणार कधी?

आपल्यापैकी बहुतेकांचा दिवस कसा जातो ते बघा. सकाळी स्टँडअप, दिवसभर काम, मग ट्रॅफिक, जेवण, आणि जेवण उरकतंय तोवर अमेरिकेतल्या टीमचा कॉल. तो संपतो साडेदहाला. म्हणजे आठवड्याचे पाच दिवस बास हातात येणार ती रात्री साडेदहा ते साडेअकरा. शनिवार-रविवार दुपारी थोडा वेळ, तोही लग्न, मुंज, वास्तुशांत असलं काही नसेल तर. आता बेरीज करा. स्पीकर लावता येईल असे तास आठवड्याला दोन-तीन, आणि लावता येणार नाही असे तास पाच. आणि दुकानात आपण चर्चा कशाची करतो? स्पीकर किती मोठा त्याची!

म्हणून माझं स्पष्ट मत - घरच्या अ‍ॅम्पचं सगळ्यात महत्त्वाचं भोक म्हणजे हेडफोनचं. बाकी सगळं त्याच्यानंतर.

यावर नेहमीचा युक्तिवाद असतो, "अरे पण मी हळूच वाजवीन ना". गिटारच्या बाबतीत हे चालून जातं, बासच्या बाबतीत तितकंसं नाही. कारण खर्ज. भिंत वरचे सूर बऱ्यापैकी अडवते, खालचे सूर तिला जुमानत नाहीत. गणपतीची मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असते तेव्हा आधी ऐकू येतो तो ढोल. ताशा मिरवणूक जवळ आल्यावर. तुमच्या शेजाऱ्याला तुमच्या बासचा फक्त ढोल ऐकू येतो, गाणं येत नाही. तुम्ही कितीही सुरेख वाजवा, त्याच्यासाठी ते "घूं घूं"च.

कायद्याचं म्हणाल तर ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० ही मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ ती ४५ डेसिबल. पण इथे एक गंमत आहे. ही मोजणी 'ए वेटेड' डेसिबलमध्ये होते. माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो म्हणून मीटरसुद्धा खर्जाला सूट देतो, आणि ४० हर्ट्झच्या आसपास ही सूट तब्बल ३५ डेसिबलच्या घरात जाते. चार तारांच्या बासची सगळ्यात जाड तार, ई, तिचा मूळ सूर ४१ हर्ट्झ. म्हणजे फोनवरचं अ‍ॅप म्हणतं सगळं आलबेल, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या मांडणीतली भांडी थरथरतायत. आकडे दाखवून काकूंशी वाद जिंकता येईलही, पण त्याच सोसायटीत राहायचंय ना :)

आता वॅटकडे येऊ. हे वॅटचं वेड आलं कुठून? तर स्टेजवरून. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बास आणली आणि लगेच १९५२ मध्ये तिच्यासाठी बासमन अ‍ॅम्प. ढोलताशांच्या, म्हणजे तिकडच्या ड्रम आणि ब्रासच्या गदारोळात बास ऐकू यावी एवढाच हेतू. पुढे स्टेज मोठी झाली, १९६९ मध्ये अ‍ॅम्पेगने एसव्हीटी काढला, ३०० वॅटचा. तेव्हापासून बासवाल्याची इज्जत वॅटमध्ये मोजायची पद्धत पडली ती पडलीच. पण ती सगळी यंत्रं हजारो माणसांसमोर वाजवायला होती. तुमचे श्रोते म्हणजे एक कपाट, एक पलंग आणि वाळत घातलेले कपडे.

शिवाय वॅट आणि आवाज यांचं नातं सरळ रेषेतलं नाही, हे आपण इंजिनिअरांनी तरी विसरू नये. वॅट दुप्पट केले की वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे १५ ऐवजी ३० वॅटचा अ‍ॅम्प घेतलात तर "जरा वाढला वाटतं" एवढाच फरक. दुकानदार मात्र तो असा सांगतो की जणू घर हलणार आहे.

"पण उद्या बँड झाला तर?" हा पुढचा प्रश्न. चांगला प्रश्न आहे, आणि इथेच जास्त पैसे वाया जातात. ड्रमरसोबत वाजवायचं तर बासला साधारण २००-३०० वॅट लागतात. म्हणून 'घरीही चालेल, बँडलाही चालेल' असं म्हणून घेतलेला पन्नास-साठ वॅटचा अ‍ॅम्प घरात जड होतो आणि ड्रमपुढे दबून जातो. पुणे, मुंबई, बंगळूरमध्ये तासावर भाड्याने मिळणाऱ्या जॅमरूममध्ये बासचा अ‍ॅम्प बहुधा असतोच. तिथे नुसती बास पाठीला लावून जायचं. दोन वेगळी कामं एका डब्यावर लादू नका. सॉफ्टवेअरमध्ये आपण हेच दुसऱ्यांना सांगत असतो.

मग छोट्या, आठ इंची स्पीकरमधून ४१ हर्ट्झ येणार का? खरं सांगायचं तर नीटसा नाही. छोट्या खोक्यातला आठ इंची स्पीकर त्याच्या बराच वर दम सोडायला लागतो. पण आपला मेंदू हुशार आहे. कॉलेजात टेलिकॉमला शिकलेलं आठवा. जुन्या टेलिफोनचा पट्टा ३०० ते ३४०० हर्ट्झ. पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर १०० च्या आगेमागे, म्हणजे तो तारेतून जायचाच नाही. तरी फोनवर बाबांचा आवाज बाबांचाच वाटायचा, कारण वरच्या पटीतले सूर ऐकून मेंदू खालचा सूर स्वतःच भरून काढतो. छोट्या अ‍ॅम्पवर ई वाजवली की हेच होतं. जमीन हादरणार नाही, पण सूर बरोबर की चूक, बोट नीट पडलं की नाही, हे लख्ख कळतं. प्रॅक्टिसला तेवढंच हवं असतं.

एक मात्र सांभाळा. हळू आवाजात कानाला खर्ज आणखीच कमी ऐकू येतो. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. त्यामुळे हळू वाजवताना अ‍ॅम्प पोकळ वाटतो, आणि आपण बासचा नॉब पूर्ण पिळतो. परिणाम? स्पीकर फडफडतो आणि काकू वर येतात. त्यापेक्षा बास मध्यावर ठेवून 'मिड' वाढवा. सूर पुढे येतो, शेजार शाबूत राहतो.

अजून एक. दहा बाय बाराची खोली असेल तर ध्वनीच्या वेगाचं गणित करून बघा. बारा फुटांत ४७ हर्ट्झच्या आसपास आणि दहा फुटांत ५६ च्या आसपास खोली स्वतःच घुमते. बासची मोकळी ए तार आहे ५५ हर्ट्झ! म्हणजे ए वाजवली की खोली गर्जते आणि दुसरा एखादा सूर कुठे जातो कळत नाही. अ‍ॅम्प बदलून हे सुटत नाही. तो कोपऱ्यातून बाहेर काढा, जमिनीऐवजी स्टुलावर ठेवा, खाली जाड फोम घाला. फोममुळे खालच्या मजल्यावर जाणारी थरथरही कमी होते. खर्च जवळपास शून्य.

"मग अ‍ॅम्प कशाला, घरात ब्लूटूथ स्पीकर आहे की," असं म्हणणारेही भेटतात. गाणी ऐकायला उत्तम, वाजवायला निरुपयोगी. साध्या ब्लूटूथला आवाज पोचायला १०० ते २०० मिलिसेकंद लागतात. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, त्याचा पाव भाग १२५. म्हणजे तुम्ही तार छेडलीत आणि आवाज आला पाव मात्रा उशिरा. बासवाल्याचं निम्मं काम लय धरायचं, आणि त्याचीच वाट! हेडफोन घ्याल तेही वायरवालेच.

लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस हा पर्याय तांत्रिकदृष्ट्या झकास आहे, उशीरही नीट सेटिंग केलं तर १० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे तीन-साडेतीन मीटरवर अ‍ॅम्प ठेवल्यासारखा. रेकॉर्डिंग करायचं असेल तर जरूर घ्या. पण रोजच्या रियाजाला माझा त्याला विरोध आहे, आणि कारण तांत्रिक नाही. दिवसाचे नऊ-दहा तास ज्या पडद्याकडे बघितलं तोच पुन्हा उघडायचा, ड्रायव्हर, प्लगइन, अपडेट, आणि तेवढ्यात कोपऱ्यात ऑफिसचा मेसेज टिंग करणार. झालं! वीस मिनिटांचा रियाज त्या टिंगमध्ये गेला. छंदाला लागणाऱ्या पायऱ्या जितक्या कमी तितका तो टिकतो. वायर लावली, बटण दाबलं, वाजवायला बसलो, एवढंच हवं.

तर मग घ्यायचं काय? दोन गट करतो.

ज्यांना स्पीकर लावता येईल असा वेळ आठवड्यात जवळपास नाहीच (पीजीत राहणारे, रूममेट नाइट शिफ्टला असणारे, घरात तान्हं बाळ असणारे), त्यांनी बिनधास्त हेडफोन अ‍ॅम्प घ्यावा. व्हॉक्स अ‍ॅमप्लगचं बासचं मॉडेल थेट बासमध्ये खुपसता येतं, छोट्या बॅटरीवर चालतं, गाणं लावायला वेगळं इनपुटही आहे. उरलेले पैसे चांगल्या हेडफोनवर आणि शिकवणीवर घाला. यात कमीपणा काही नाही. डेट्रॉइटच्या मोटाउन स्टुडिओत १९६० च्या दशकात जेम्स जेमरसनची बास बहुतेक वेळा अ‍ॅम्पविना, थेट मिक्सिंग बोर्डात जायची. आजही बासवाले ते ऐकून शिकतात.

ज्यांना दिवसा थोडा वेळ मिळतो, कधी मित्र गिटार घेऊन घरी येतो, त्यांनी आठ इंची, पंचवीस-तीस वॅटचा अ‍ॅम्प घ्यावा. फेंडर रंबल २५, ऑरेंज क्रश बास २५, अ‍ॅम्पेगचा आरबी-१०८ ही याच वर्गातली नावं. स्पीकरचा फायदा खरा आहे. कानांना विश्रांती मिळते, आणि दुसऱ्याच्या वाद्यासोबत आपला आवाज किती ठेवायचा हे हेडफोनमध्ये कधीच शिकता येत नाही. तिघांपैकी कुठला, यावर रात्र जागवू नका. दुकानात स्वतःची बास घेऊन जा आणि एवढं बघा - हेडफोन लावल्यावर स्पीकर पूर्ण बंद होतो का, हेडफोनमध्ये सूं आवाज येतो का, फोनवरचं गाणं लावायचं इनपुट आहे का, आणि मोकळी ई हळू आवाजात वाजवल्यावर खोकं खडखडतं का. इफेक्ट किती, डिझाइन कसं, हे शेवटी.

जुना मिळाला तर सोन्याहून पिवळं. फक्त नॉब फिरवताना खरखर आणि स्पीकरचा कागद फाटलाय का ते तपासा. आणि ऑनसाइटहून परत येणारा मित्र "तिकडून स्वस्तात आणतो" म्हणाला तर आधी मागच्या पट्टीचा फोटो मागवा. अमेरिकेत १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. नुसत्या १२० चा असेल तर स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आला, म्हणजे खर्च आला, वजन आलं. अ‍ॅडॉप्टरने फक्त पिन बदलते, व्होल्टेज नाही.

असो. महागडा अ‍ॅम्प नसल्यामुळे कुणी बास सोडल्याचं मी पाहिलेलं नाही. पण घरात रोज कुरबूर होते म्हणून, शेजाऱ्याने दार वाजवलं म्हणून, "रविवारी निवांत वाजवू" म्हणत तो रविवार आलाच नाही म्हणून बास पलंगाखाली गेलेली मात्र पाहिलीय. आणि पलंगाखाली गेलेलं वाद्य सहसा विकायलाच बाहेर येतं. रात्री साडेदहाला, घर झोपलेलं असताना, कुणाचीही परवानगी न घेता जो अ‍ॅम्प वीस मिनिटं वाजवू देतो, तोच तुमच्यासाठी चांगला. मग तो हातभर असो की बोटभर.