नाथसागरावर पाखरं बघायला जाताना

दिवाळीचा फराळ संपला आणि थंडी पडू लागली, की आपल्या छत्रपती संभाजीनगरात घरोघरी एक बेत हमखास ठरतो : "एकदा पैठणला जाऊन फ्लेमिंगो बघून येऊ." बेत ठरतो रविवारचा. मंडळी उठतात आठला. अंघोळी, नाश्ता, डबे होईतो दहा वाजतात आणि बाराच्या सुमारास धरणाजवळ उभं राहून सगळे एकमेकांना विचारतात, "कुठायत पाखरं?" मग नाथांचं दर्शन, पैठणीच्या दुकानात तासभर, कुठंतरी झाडाखाली जेवण, की परत. पाखरं राहिली ती राहिलीच.

त्यातूनही चार पाखरं दिसलीच, तर ती घरातल्या बाईला सोडून इतरांना! ती तेव्हा सतरंजी अंथरत असते, धाकट्याचे बूट शोधत असते, नाहीतर ताटल्या पुसत असते. "आई, केवढा मोठा थवा होता!" हे ती ऐकते, बघत मात्र नाही. मैत्रिणींनो, सहल पक्षी बघण्याची असेल, तर ते तुम्हालाही दिसायला हवेत. जरा आधीपासून आखणी केली तर ते मुळीच अवघड नाही.

आधी जागा समजून घेऊ. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झालं. धरणाची भिंत सुमारे १० किलोमीटर लांब आणि दरवाजे २७. मागं पसरलेल्या पाण्याला एकनाथ महाराजांच्या नावावरून नाथसागर म्हणतात. १९८६ साली इथं पक्षी अभयारण्य जाहीर झालं. त्याचं क्षेत्र सुमारे ३४१ चौरस किलोमीटर असून ते आपल्या आणि शेजारच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात पसरलं आहे. एवढ्या पसाऱ्यात पाखरं भिंतीला खेटून थोडीच बसणार?

नाथसागर पसरट आहे. पावसाळ्यानंतर कालव्यांना पाणी सुटतं, तसतसं पाणी मागं सरतं आणि काठाला उथळ, गाळाचे पट्टे उघडे पडतात. त्या गाळात किडे, शंख-शिंपले, शेवाळ असतं आणि पक्ष्यांची पंगत तिथंच बसते. फ्लेमिंगो, म्हणजे आपला रोहित, चोच उलटी धरून पाणी गाळून खातो. त्याला गुडघाभर पाणीच लागतं. त्याचा गुलाबी रंगही खाण्यातूनच येतो. म्हणून ज्या वर्षी धरण काठोकाठ भरतं, त्या वर्षी रोहित उशिरा येतात. अशा वर्षी डिसेंबरात घाई करू नका, जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी धरा.

पाणी सरकतं तशी पाखरांची जागाही बदलते. पैठण रस्त्याच्या बाजूनं पिंपळवाडी, सोनेवाडी या गावांकडचा फुगवटा, आणि पुणे रस्त्यानं गेलात तर कायगाव टोक्याचा प्रवरासंगम, ही ठिकाणं पक्षी बघणाऱ्यांच्या ओळखीची आहेत. तरी निघण्याच्या आदल्या दिवशी पैठणमधल्या कुणा ओळखीच्याला फोन करा. तिथं पोचल्यावर वनविभागाचे कर्मचारी किंवा मासेमारी करणारे दादा भेटले तर त्यांना विचारा. "सध्या पाखरं कुठल्या अंगाला आहेत?" एवढं विचारलं, की दोन तासांची वणवण वाचते.

आता वेळ. ही गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. चीनमध्ये चेंगडू शहराबाहेर पांडांचं एक मोठं केंद्र आहे, १९८७ साली सुरू झालेलं. जगभरातून माणसं तिथं जातात, पण जाणत्यांचा सल्ला एकच : सकाळी लवकर पोचा. तेव्हा पांडा बांबू खाताना, खेळताना दिसतात. ऊन चढलं की ढाराढूर झोपतात आणि उशिरा आलेल्यांना फक्त त्यांची पाठ दिसते. पाखरांचंही तसंच. भल्या सकाळी ती चरायला उतरलेली, बोलकी असतात. ऊन तापलं की दूर पाण्यात जाऊन बसतात आणि पाण्यावर चकाकी येते ती वेगळीच. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो. तेव्हा तुम्ही काठावर हव्यात.

पैठण इथून साधारण ५० किलोमीटर. चितेगाव, बिडकीन, ढोरकीनवरून रस्ता आहे. स्वतःची गाडी असेल तर पाचला घर सोडा. वाटेत दहा मिनिटं थांबूनही साडेसहाच्या सुमारास पोचाल. एसटीनं जाणाऱ्यांना मध्यवर्ती बसस्थानकावरून पैठणच्या गाड्या मिळतात. २०२३ च्या मार्चपासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना तर २०२२ पासून प्रवास मोफत, तेव्हा वयाच्या पुराव्यासाठी त्यांचं आधार कार्ड पर्समध्ये टाका. मात्र एसटीनं निघून सूर्योदयाला काठावर पोचणं कठीण, कारण स्थानकापासून पाणवठे लांब आहेत. अशांनी आदल्या संध्याकाळीच जावं. नाथांच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी गावात राहण्याची साधी सोय होते. रात्रीच रिक्षावाल्याशी पहाटेचं जाण्या-येण्याचं ठरवून टाकावं, आणि तिथं थांबण्याचे पैसेही आधीच बोलून घ्यावेत.

पहाट अगदीच जमत नसेल तर दुसरी वेळ दुपारी चारपासून सूर्यास्तापर्यंतची. घरून दोनला निघालं तरी चालतं. पण अंधार पडण्याआधी काठ सोडायचा, हे पक्कं.

पाचला निघायचं म्हणजे बाईनं तीनला उठायचं असं नाही, बरं का! त्या सकाळी चूल पेटवायचीच नाही, फक्त चहा करून थर्मास भरायचा. आपल्या मराठवाड्याचे धपाटे आणि दशम्या असल्या सहलीसाठीच जन्माला आल्या आहेत. दशमीची कणीक दुधात भिजवली की ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. धपाट्यांच्या पिठात तीळ, ओवा, लसूण-मिरचीचा ठेचा घाला आणि रात्रीच भाजून, पूर्ण गार करून, सुती फडक्यात गुंडाळा. गरम भरले तर वाफ धरून चिवट होतात. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि पेरू. प्रत्येकाची शिदोरी वेगळ्या पुडक्यात बांधा, म्हणजे काठावर वाढप करायलाच नको. ज्याला भूक लागेल त्यानं आपलं पुडकं सोडावं!

बाकीची कामं रात्रीच वाटून द्या. पाण्याच्या बाटल्या मुलांनी भराव्यात, गाडीतलं पेट्रोल-हवा यजमानांनी बघावी, कपडे ज्याचे त्यानं उशाशी ठेवावेत. कपडे मातकट, हिरवट, करड्या रंगाचे. भडक लाल किंवा पांढरंशुभ्र नको, पाखरं बिचकतात. गाळात साडी सावरत बसण्यापेक्षा सलवार-कमीज बरी. नेसलीतच तर साडी सुती आणि घोट्याच्या वर असावी. पायांत बंद बूट. स्वेटर आणि कानाला रुमाल विसरू नका, पाण्यावरचं वारं बोचतं.

एक बोलायला संकोचाची गोष्ट, पण बोललीच पाहिजे. काठावर उघडा माळ असतो, आडोसा नाही. म्हणून कित्येकजणी आदल्या रात्रीपासून पाणीच पीत नाहीत. असं करू नका, लघवीची जळजळ मागं लागते. निघताना आणि वाटेत बिडकीनजवळच्या पेट्रोल पंपावर थांबायचं, असं आधीच ठरवून सगळ्यांना सांगून ठेवा. म्हणजे ऐन वेळी कुणाला तोंड उघडून मागावं लागत नाही.

काठावर पोचलात की सूर्य पाठीशी घेऊन उभ्या राहा. बोलणं हळू, मोबाइलचा आवाज बंद. गाळ वरून वाळलेला दिसतो, पण आत पाय गुडघ्यापर्यंत रुततो. तेव्हा मुलांना पाण्याजवळ सोडू नका, आणि मोठ्यांनीही फोटोसाठी पुढं जाऊ नये. मुलांवर लक्ष ठेवण्याची पाळी लावा. पहिला अर्धा तास वडिलांची, नंतर तुमची. दुर्बीण एकच असली तर ती पाच-पाच मिनिटं फिरवा, आणि सुरुवात घरात जी सगळ्यांत आधी उठली तिच्यापासून.

काय दिसेल? काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा असलेला पाणपक्षी थव्यानं पोहताना दिसला, तर त्याचं मराठी नाव आहे वारकरी. नाथांच्या पैठणात याहून शोभेसं नाव कोणतं? लांब लाल पायांचा शेकाट्या, चमच्यासारख्या चोचीचा चमचा, पंखांवर गुलाबी छटा असलेला चित्रबलाक, हे काठाजवळ सापडतात. आणि नारिंगी-बदामी रंगाची बदकांची जोडी दिसली की जरा थांबा. तो चक्रवाक. रात्री नदीच्या दोन काठांवर ताटातूट आणि उजाडताच भेट, अशी त्याची जुनी गोष्ट आपण आजीकडून ऐकलेली असते. तो लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंच मुलखांत वीण करून हिवाळ्यात आपल्याकडे उतरतो. पांडा बघायला चीन गाठावं लागतं, चक्रवाक मात्र हिमालयापलीकडून आपल्या दारी येतो. त्याच्यासाठी पाचला उठणं काही जड नाही.

मुलांना आणखी एक गोष्ट जरूर सांगा. या पाण्याखाली शंभराहून अधिक गावं गेली आहेत. कुणाचं तुळशीवृंदावन, कुणाचं माहेर खाली राहिलं, तेव्हा हे पाणी साठलं. त्याच पाण्यावर आज आपल्या शहराचे नळ चालतात आणि त्याच पाण्यावर ही पाखरं जगतात. म्हणून काठावर प्लास्टिकची एक पिशवीही टाकायची नाही, पाखरांना फरसाण घालायचं नाही, दगड तर मुळीच मारायचा नाही. संक्रांतीला घरात नायलॉनचा मांजा येऊ देऊ नका. त्याच्यावर बंदी आहे, आणि पंखांत अडकला की पाखरू जन्माचं जायबंदी होतं.

नऊ-साडेनऊला आवरतं घ्या. मग निवांत नाथांचं दर्शन घ्या, हातमागावर पैठणी विणताना बघा, हवी तर घ्याही. दुपारचं जेवण पैठणलाच उरकून टाका, घरी येऊन कुकर लावायचा नाही. आणि पुढच्या रविवारी शेजारीण विचारील, "दिसले का हो फ्लेमिंगो?" तेव्हा मुलांना हाक मारू नका. तुम्हीच सांगा.