तीनशे रुपयांचं पाप

दशलक्षण पर्वातली गोष्ट. बसदीतून बाहेर पडून मी चपला शोधत होते, तेवढ्यात ओळखीच्या एक काकी जवळ आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "काय गं, तू पत्त्याचा जुगार खेळतीस म्हणे? आमच्यात असलं चालतंय होय? सप्तव्यसनांत पहिलंच ते."

पर्वाच्या दिवसांत वाद नको म्हणून मी हसून निघाले. पण उत्तर द्यायचं राहिलंच. ते आता देते.

होय, खेळते. महिन्यातल्या एका शनिवारी, टिळकवाडीत एका मैत्रिणीच्या माडीवर आम्ही नऊजणी पोकर खेळतो. प्रत्येकीचे तीनशे रुपये. त्याबदल्यात पाच हजारांच्या चिप्स मिळतात, त्या खोट्या पैशांच्या. दर पंधरा मिनिटांनी सक्तीची बोली वाढते, म्हणून नुसतं गप्प बसून कुणाला तग धरता येत नाही. चिप्स संपल्या की बाई उठते आणि चहा ठेवायला जाते. पुन्हा पैसे भरून बसायचं नाही, हा आमचा नियम. जमलेल्या सत्तावीसशेतले पंधराशे पहिलीला, आठशे दुसरीला, चारशे तिसरीला. मधे कुणी काही कापून घेत नाही. तीन तासांत सगळं आटोपतं, आणि कुणाचंही तीनशेच्या वर नुकसान होत नाही. होऊच शकत नाही.

आमच्यातल्या काहीजणी लगेच म्हणतात, "हा बुद्धीचा खेळ आहे, जुगार कसला?" मला ही पळवाट पटत नाही. कर्नाटकच्या उच्च न्यायालयाने 2013 मध्ये पोकरला कौशल्याचा खेळ मानलं. गुजरातच्या उच्च न्यायालयाने 2017 मध्ये त्यालाच जुगार ठरवलं. म्हणजे बेळगावची मी शहाणी आणि बडोद्याची माझी मावसबहीण जुगारी? पत्ते तर तेच बावन्न. डोकं लागतं हे खरं. समोरची कधी थाप मारतेय आणि कधी खरंच पत्ता धरून आहे, हे ओळखायला वर्ष जातं. पण हातात दोन एक्के सरासरी 221 डावांत एकदा येतात, आणि ते कधी येणार हे माझ्या बुद्धीच्या हातात नाही. दुसरीचे तीनशे माझ्याकडे येतात तेव्हा ते तिचे गेलेले असतात. व्रत घेतलेल्या बाईने याला जुगार म्हटलं तर मी तिच्यापुढे हात जोडीन, वाद घालणार नाही.

माझा वाद आहे तो मोजमापाशी. काकी, तुमच्याच घरी दिवाळीत काय चालतं? दिवाळी म्हणजे आपल्याला महावीरांचा निर्वाणदिन. पहाटे निर्वाण लाडू चढवायचा आणि रात्री माडीवर पुरुष मंडळींनी तीन पत्ती मांडून बसायचं. का, तर शकुन! रमीला कौशल्याचा खेळ म्हणणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये त्याच निकालात तीन पत्त्यांच्या खेळाला मात्र निव्वळ नशिबाचा खेळ म्हटलं होतं. त्या रात्री चहा-चिवडा वर नेऊन देणाऱ्या आपणच. तेव्हा सप्तव्यसनं आठवत नाहीत.

आणि शेअर बाजारातलं 'ऑप्शन'? सेबीने 2024 मध्ये हिशेब मांडला. तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या लहान गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के लोक तोट्यात गेले, सरासरी माणशी सुमारे दोन लाख रुपये. एवढे पैसे गेले तरी घरात त्याला 'धंद्यात खोट आली' म्हणतात. बाईचे तीनशे गेले की व्यसन.

सप्तव्यसनांच्या कथांत जुगाराचं उदाहरण म्हणून युधिष्ठिराचं नाव येतं. राज्य हरला, भाऊ हरला, मग द्रौपदीला पणाला लावलं. फासे टाकणारे सगळे पुरुष, आणि सभेत ओढून आणली गेली ती बाई. आजही घरातला कर्ता हरला तर आधी बायकोच्या पाटल्या जातात. म्हणून जुगाराविषयी बोलायचा पहिला हक्क बाईचाच आहे. तो हक्क आपण एकमेकींना बसदीच्या पायरीवर टोचण्यात का घालवतो?

आता माझी चूक सांगते. पहिले चार महिने मी घरी 'भिशीला जाते' असं सांगून जात होते. काकी, तुम्ही त्यासाठी मला बोलला असता तर मान खाली घातली असती. पैसे माझे, वेळ माझा, तरी लपवलं. व्यसनाची पहिली पायरी पत्ता नसतो, ती थाप असते, आणि ती मी टेबलावर बसायच्या आधीच मारली होती. मग एका रात्री जेवताना सांगून टाकलं. दोन दिवस घरात अबोला झाला. पण पुढच्या शनिवारी मला निर्धास्त बसता आलं.

मागच्या पावसाळ्यात आमच्यातली एक पहिल्या अर्ध्या तासातच बाद झाली. म्हणाली, "अजून तीनशे घ्या, पण मला बसू दे." आम्ही नाही म्हटलं. ती रागावून गेली, दोन महिने आली नाही. तिच्या आवाजातली ती घाई ऐकून मला भीती वाटली, कारण ती मला अनोळखी नव्हती. नऊजणींचा नियम होता म्हणून ती त्या दिवशी तीनशेवर थांबली. मोबाइलवर रात्री दोन वाजता एकटी खेळणाऱ्या बाईला 'उठ गं आता' कोण म्हणणार? 2025 च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंद केले. मला त्याचं दुःख नाही.

आपल्या श्रावकाच्या अणुव्रतांत परिग्रहाचं परिमाण सांगितलंय. किती ठेवायचं ते आधी ठरवायचं, आणि ठरवलेली रेघ ओलांडायची नाही. माझा खेळ म्हणजे व्रत, असा दावा मी करत नाही. पण कुणाला जाब विचारायचाच असेल तर याच मापाने विचारा. बसायच्या आधी आकडा ठरलाय का? घरी माहीत आहे का? आकडा संपल्यावर उठता येतं का?

काकी, हे तीन प्रश्न मला खुशाल विचारा, मी उत्तर देईन. फक्त येत्या दिवाळीत चिवड्याचं ताट वर न्याल, तेव्हा तिथेही विचारा.