विश्लेषण : भ्रूणांचा जनुकीय अहवाल निराशाजनक, आता गर्भाशयात कोणता सोडायचा?

इंजेक्शनांचे दिवस, बीजांडे काढण्याची शस्त्रक्रिया आणि प्रयोगशाळेतील पाच-सहा दिवसांची प्रतीक्षा, एवढे सगळे पार पडल्यावर आयव्हीएफ करणाऱ्या जोडप्याच्या हाती जेमतेम तीन-चार भ्रूण उरतात. त्यांची जनुकीय चाचणी होते आणि अहवालात ‘सदोष’, ‘सदोष’, ‘मोझेक’ असे शब्द येतात. हे भ्रूण टाकून द्यायचे, त्यातलाच एखादा गर्भाशयात सोडायचा, की सगळे पुन्हा पहिल्यापासून करायचे? स्त्रीचे वय चाळिशीकडे झुकलेले आणि साठवलेले पैसे संपत आलेले असतील, तर हा प्रश्न आणखी बिकट होतो.

ही चाचणी नेमकी काय तपासते?

‘पीजीटी-ए’ या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी भ्रूणातील गुणसूत्रांची संख्या मोजते. निरोगी पेशीत २३ जोड्या, म्हणजे ४६ गुणसूत्रे असतात. त्यात एखादे कमी-जास्त झाले की बहुतेक भ्रूण रुजतच नाहीत किंवा सुरुवातीलाच गर्भपात होतो. २१ क्रमांकाचे गुणसूत्र जादा असेल तर मूल जन्मू शकते. पण त्याला डाऊन सिंड्रोम असतो. हे दोष सहसा आईवडिलांकडून वारशाने आलेले नसतात. बीजांड पक्व होताना ते घडतात आणि वयाबरोबर वाढतात. तिशीच्या सुरुवातीला साधारण एक तृतीयांश भ्रूणांत, तर चाळिशीत निम्म्याहून अधिक भ्रूणांत ते आढळतात. थॅलेसेमियासारख्या घरात आधीच ठाऊक असलेल्या आजारासाठीची भ्रूणचाचणी वेगळी. या दोन्हींची गल्लत होता कामा नये.

‘मोझेक’ म्हणजे काय?

पाचव्या-सहाव्या दिवशीच्या भ्रूणात शंभरहून अधिक पेशी असू शकतात. त्यातील पाच ते दहा पेशी काढून तपासल्या जातात आणि त्याही बाहेरच्या आवरणातून, ज्यापासून पुढे वार तयार होते. बाळ ज्या आतल्या पुंजक्यापासून घडते, त्याला हात लावला जात नाही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, तशीच ही परीक्षा. पण इथे शित पातेल्याच्या कडेचे असते. काढलेल्या पेशींत काही निर्दोष आणि काही सदोष असल्याचे संकेत मिळाले, तर त्या भ्रूणाला ‘मोझेक’ म्हणतात. अनेक प्रयोगशाळा सदोष पेशींचा अंदाज २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान असल्यास हा शेरा देतात. त्याखाली ‘निर्दोष’, त्यावर ‘सदोष’. या रेषा माणसांनी आखलेल्या आहेत आणि त्या सर्व प्रयोगशाळांत सारख्या नसतात.

मोझेक भ्रूण वापरता येतो का?

येतो, पण डोळसपणे. इटलीतील डॉक्टरांनी २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १८ स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. निर्दोष भ्रूण उपलब्ध नसल्याने त्यांच्या गर्भाशयात मोझेक भ्रूण सोडले होते आणि त्यातून सहा निरोगी बाळे जन्मली. सदोष पेशींचे प्रमाण ५० टक्क्यांहून कमी असलेल्या भ्रूणांवरील २०२१ च्या अभ्यासात बाळ जन्मण्याचे प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास होते, म्हणजे निर्दोष भ्रूणांइतकेच. इतर काही अभ्यासांत मात्र मोझेक भ्रूण कमी रुजल्याचे आणि गर्भपात अधिक झाल्याचे दिसले. मोझेक दोष बाळात टिकून राहिल्याची मोजकी उदाहरणेही नोंदली गेली आहेत.

म्हणून क्रम असा लावला जातो : आधी निर्दोष, मग कमी प्रमाणात मोझेक, त्यानंतर अधिक प्रमाणात मोझेक. दोष कोणत्या गुणसूत्रात आहे आणि तो पूर्ण गुणसूत्राचा की एखाद्या तुकड्याचा, हेही पाहावे लागते. अशी गर्भधारणा झाल्यास १५ व्या आठवड्यानंतर गर्भजल तपासणीचा सल्ला दिला जातो. केवळ आईच्या रक्ताची चाचणी पुरत नाही, कारण तिच्यात दिसणारा ‘गर्भाचा’ डीएनए प्रामुख्याने वारेतूनच आलेला असतो.

‘सदोष’ शेरा कितपत खात्रीचा?

पूर्णपणे सदोष ठरलेल्या भ्रूणांबाबत पुरावा बराच ठाम आहे. अमेरिकेतील एका अभ्यासात चाचणीचा निकाल न पाहता भ्रूण सोडले गेले. नंतर निकाल उघडले, तेव्हा सदोष ठरलेल्या १०२ भ्रूणांपैकी एकातूनही बाळ जन्मले नसल्याचे दिसले. अशा भ्रूणाच्या आशेवर आणखी एक फेरी करणे म्हणजे बहुधा आणखी एक दुःख ओढवून घेणे. ‘निष्कर्ष निघाला नाही’ हा शेरा मात्र ‘सदोष’ नव्हे. अशा भ्रूणाची पुन्हा तपासणी करता येते. त्यासाठी तो वितळवून पुन्हा गोठवावा लागतो आणि त्यात थोडी जोखीम असते.

चाचणीने मूल होण्याची शक्यता वाढते का?

चाळणीने धान्य वाढत नाही, फक्त निवडले जाते. चाचणीचेही तसेच. चीनमध्ये २० ते ३७ वर्षे वयाच्या आणि किमान तीन चांगले भ्रूण असलेल्या १,२१२ स्त्रियांवर झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एका वर्षात तीन प्रयत्नांपर्यंत बाळ होण्याचे प्रमाण पीजीटी-ए गटात ७७.२ टक्के, तर चाचणीविना गटात ८१.८ टक्के होते. सर्वच रुग्णांसाठी सरसकट चाचणी करण्याचा लाभ सिद्ध झालेला नाही, असे अमेरिकी प्रजनन वैद्यक संस्थेने २०२४ मध्ये नमूद केले. वय जास्त असल्यास फसलेली प्रत्यारोपणे आणि गर्भपात टळून वेळ वाचू शकतो. हा लाभ खरा आहे. पण तो ‘हमखास यश’ नव्हे.

भारतातील कायदा काय सांगतो?

साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) अधिनियम, २०२१ नुसार भ्रूणाची जनुकीय चाचणी ही ज्ञात, आधीपासून असलेल्या, आनुवंशिक किंवा जनुकीय आजारांसाठी अथवा प्राधिकरण निर्दिष्ट करील त्यासाठी आहे. ठरावीक लिंगाचे मूल देऊ करण्यास सक्त मनाई आहे. चाचणीत एक्स-वाय गुणसूत्रेही दिसत असल्याने ही मनाई महत्त्वाची ठरते. गर्भलिंग तपासणीवर निर्बंध घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केला होता; देशाचा कायदा १९९४ मध्ये आला. भ्रूण दहा वर्षांपर्यंत साठवता येतात. मोझेक भ्रूणाबाबत रुग्णाला काय सांगावे आणि कोणत्या शब्दांत, याची स्पष्ट, सर्वांना बंधनकारक पद्धत मात्र रुग्णांच्या हाती हवी.

निर्णय कोणी आणि केव्हा घ्यायचा?

चाचणी झाल्यावर नव्हे, तिच्याआधी. अहवाल हाती आल्यावर जोडपे खचलेले असते. नातेवाइकांचे प्रश्न, खर्चाचा ताण आणि बहुतेक वेळा स्त्रीच्याच माथी मारला जाणारा दोष, अशा घाईत शांतपणे विचार होत नाही. म्हणून संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वीच तीन गोष्टी बोलल्या गेल्या पाहिजेत. ही प्रयोगशाळा मोझेक शेरा कशावर देते? तसा शेरा आला तर हे केंद्र तो भ्रूण सोडेल की नाकारेल? आणि एकही निर्दोष भ्रूण नसेल तर पुढचा मार्ग कोणता : आणखी एक फेरी, दात्याचे बीजांड, दत्तक, की थांबणे? हे समुपदेशन चाचणीच्या विक्रीत ज्याचा वाटा नाही अशा जाणकाराकडून व्हावे.

मोझेक भ्रूण परस्पर फेकून देणारे केंद्र एखाद्या स्त्रीची शेवटची संधी हिरावू शकते. तोच भ्रूण धोके न सांगता सोडणारे केंद्र तिला अंधारात ठेवते. दोन्ही चुका सारख्याच गंभीर आहेत. भ्रूणांचा क्रम लावणे हे तज्ज्ञांचे काम. त्यातला कोणता स्वीकारायचा आणि कुठे थांबायचे, हे ठरवण्याचा अधिकार जिच्या पोटी ते मूल वाढणार तिचा आणि तिच्या जोडीदाराचा. तो बजावता यावा इतकी माहिती तिला वेळेत, तिच्या भाषेत मिळाली पाहिजे.