‘फर्गेट इट’? विसरा!

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एरवी गुड मॉर्निंगची फुलं आणि टँकरच्या वेळा याशिवाय काही येत नाही. त्या दिवशी मात्र सेक्रेटरीकाकांची चक्क नोटीस आली. ‘पार्किंगमधील बंद वाहने महिनाअखेरपर्यंत हलवावीत, अन्यथा भंगारवाल्यास बोलावण्यात येईल.’ खाली पाच फोटो. चार सायकली आणि पाचवी आमची सीडी हंड्रेड.

फोटोत ती ओळखूच येत नव्हती. सीटवर मांजराच्या पावलांची रांगोळी, हँडलवर कोळ्याची जाळी आणि दोन्ही टायर पार बसलेले. मी फोन बाबांपुढे धरला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं आणि म्हणाले, ‘‘देऊन टाक. आता काय तिचं!’’ आणि परत शब्दकोडं.

बस? एवढंच? ज्या गाडीवर हा माणूस बावीस वर्षं कोथरूडहून पिंपरीला ऑफिसला गेला, जिच्या टाकीवर बसून मी बालवाडीत गेले, तिच्यासाठी ‘आता काय तिचं’? मला सॉलिड राग आला. रागाच्या भरात मी ग्रुपवर टाइप केलं, ‘गाडी महिनाअखेरपर्यंत सुरू होईल.’ अकरा जणांनी अंगठा दाखवला. आता बोंबला! माझं मेकॅनिकल ज्ञान म्हणजे स्कूटीचं बटण दाबणं.

ज्यांना सीडी हंड्रेड माहीत नाही अशा ज्युनिअर मंडळींसाठी थोडा फ्लॅशबॅक. १९८४ मध्ये हिरो आणि होंडा एकत्र आले आणि १९८५ मध्ये त्यांनी ही जेमतेम शंभर सीसीची फोर-स्ट्रोक गाडी आणली. तोवर आपल्याकडे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळा, मग स्कूटर आडवी करा, मग किक मारा, असा सगळा सोहळा असायचा. या गाडीची जाहिरात म्हणायची, ‘फिल इट, शट इट, फर्गेट इट.’ भरा, झाकण लावा, विसरून जा. त्या दोघांनी २०१० मध्ये वेगळं व्हायचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी कंपनीच्या नावातून होंडा गेलं. आमच्या टाकीवर मात्र ते दोघं अजून एकत्र नांदतायत.

आमची गाडी १९९४ ची, म्हणजे माझी मोठी बहीणच. २०१६ मध्ये बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ती पार्किंगच्या कोपऱ्यात गेली. जाहिरातीतली तिसरी सूचना आम्ही फारच मनावर घेतली म्हणायची.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या काकांनी सांगितलेला आकडा ऐकून माझ्या फ्रीलान्स बजेटने मान टाकली. पण कटिंग चहावर त्यांनी एक फंडा फुकट दिला. ‘‘ताई, गाडीला तीनच गोष्टी लागतात. पेट्रोल, करंट आणि कॉम्प्रेशन. तिन्ही असतील तर ती चालू होणार म्हणजे होणार. नाही झाली, तर तिघांपैकी एक जण खोटं बोलतोय.’’ म्हटलं, वा! ही तर आमची बातमीदारीच झाली.

पहिला संशयित पेट्रोल. टाकीचं झाकण उघडलं तर नाकात जुन्या वॉर्निशचा वास. आत जे होतं त्याचा रंग कोऱ्या चहासारखा. पेट्रोल पडून राहिलं की त्यातला हलका, पटकन पेटणारा भाग उडून जातो आणि मागे चिकट थर राहतो. त्यात इथेनॉल असेल तर ते हवेतली ओल खेचून घेतं आणि टाकी आतून गंजते. मी ते सगळं कॅनमध्ये काढलं. गटारात ओतायचा मोह टाळून गॅरेजमध्ये नेऊन दिलं. मग पेट्रोल कॉक काढून तिथलं भोक बंद केलं आणि टाकीत पांढरं व्हिनेगर भरून ठेवलं. सकाळी त्यातून लाल पाणी आलं. साधं पाणी, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी, परत साधं पाणी आणि दिवसभर ऊन. आईने विचारलं, ‘‘लोणचं घालतेयस का?’’

दुसरं काम इंजिन मोकळं आहे का ते बघायचं. इतकी वर्षं उभ्या गाडीला थेट किक मारायची नसते. आत पिस्टन गंजून धरलेला असेल तर नसतं काहीतरी तुटतं. प्लग काढायचा, त्या भोकातून दोन-तीन चमचे इंजिन ऑइल सोडायचं आणि रात्रभर थांबायचं. मी सीटखालच्या टूलकिटमधून प्लगपाना काढला. तो वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला होता. प्लग सोडवला आणि मी बघतच राहिले.

प्लग नवा होता.

म्हणजे नव्यासारखा नाही, नवाच. काजळीचा ठिपका नाही, टोकं चकचकीत. बावीस वर्षं चाललेल्या गाडीत हा कुठून आला? मी पान्याभोवतीचा कागद उलगडला. वर्तमानपत्र २०१९ चं होतं. गाडी तर २०१६ पासून उभी!

मी वर जाऊन आईला गाठलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘‘अगं हो, एका दुपारी गेले होते खाली. तासाभराने आले ते घामाघूम, शर्टला काळं लागलेलं. विचारलं तर म्हणे लिफ्टचं ग्रीस लागलं. दोन दिवस गुडघा शेकत होते.’’

मग माझ्या डोक्यात हिशेब जुळला. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, त्यानंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. १९९४, २००९, २०१४ आणि मग २०१९. आरसी संपत आली होती आणि ती वाढवायची तर गाडी तपासणीला न्यावी लागते. म्हणून बाबांनी गुपचूप नवा प्लग आणला, स्वतः बसवला आणि ऑपरेशन झालेल्या गुडघ्याने किक मारत राहिले. झालं नाही. कुणाला सांगितलं नाही. प्लगपाना कागदात गुंडाळला, सीट बंद केली आणि वर येऊन शब्दकोडं सोडवायला बसले. आम्ही सगळे घरातच होतो. कुणालाही हाक मारता आली असती. मारली नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही, बाबा, गाडीचं काय?

‘आता काय तिचं’चा राग तिथेच उतरला. मी बाबांना काहीच बोलले नाही. ते काहीच बोलले नव्हते, तसंच.

दुसऱ्या दिवशी प्लगच्या भोकावर अंगठा धरून हाताने किक दाबली. अंगठा हवेने उडाला. कॉम्प्रेशन निर्दोष! मग पेट्रोल लांब ठेवून, प्लग त्याच्या कॅपमध्ये बसवून इंजिनच्या लोखंडाला टेकवला आणि अंधार पडल्यावर किक मारली. टिच्चून निळी ठिणगी. करंटही निर्दोष. बॅटरी कधीच मेली होती, पण या गाडीला ठिणगीची वीज मॅग्नेटोकडून मिळते, म्हणून चाललं. एअर फिल्टरच्या डब्यात कुंभारमाशीचं मातीचं घर निघालं, ते साफ केलं. काळंकुट्ट इंजिन ऑइल बदललं. नाना पेठेतून नवा पेट्रोल पाइप आणि कार्ब्युरेटरचे वॉशर आणले. दुकानदाराने आधी माझ्याकडे, मग माझ्या नखांकडे बघितलं आणि न विचारताच दहा रुपये कमी केले.

शनिवारी ताजं पेट्रोल घालून, चोक ओढून पहिली किक. दुसरी. नववीला गाडी खोकली, धूर सोडून तीन सेकंद चालली आणि चोक खाली करताच बंद. परत तेच, परत बंद. वॉचमन स्टूल घेऊन बसला. पहिल्या मजल्यावरचे काका म्हणाले, ‘‘बेटा, मुलगा कोणी आहे का घरात किक मारायला?’’ मी गोड हसले. उत्तर द्यायला दम उरला नव्हता.

गॅरेजवाल्या काकांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘चोकवर चालते, चोकशिवाय मरते? पायलट जेट चोंदलंय. परत खोला.’’ चोक ओढला की हवा कमी मिळते आणि पेट्रोलचं प्रमाण वाढतं, म्हणून जेमतेम भागतं. तो काढला की सगळा भार त्या पायलट जेटवर. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक. मी ते साफ केलंय असं मला वाटत होतं. उजेडाकडे धरलं तर पलीकडचं काही दिसेना! इलेक्ट्रिकच्या वायरमधली तांब्याची एक तार सोलून घेतली. सुई वापरायची नाही, भोक मोठं होतं आणि जेट वाया जातं. तार, कार्ब्युरेटरचा स्प्रे, फुंकर, परत तार. चाळीस मिनिटांनी त्या भोकातून प्रकाशाचा एक ठिपका दिसला. इतकी वर्षं गाडी अडली होती ती एवढ्याशा ठिपक्यापायी. प्लग बदलून ती सुरू होणारच नव्हती. बाबांचा गुडघा धडधाकट असता तरीही नाही.

चौथ्या किकला सुरू झाली. सायलेन्सरमधून पांढरा धूर आला. घाबरले, पण ते आपणच ओतलेलं ऑइल जळत होतं. मग धूर विरला आणि तो आवाज सुरू झाला. टुकटुकटुकटुक. लहानपणी संध्याकाळी साडेसहाला हा आवाज आला की मी टीव्ही बंद करून पुस्तक उघडायचे.

लिफ्टचं दार वाजलं. बाबा काठी न घेताच आले होते. काही न बोलता त्यांनी वाकून कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवला. आवाज एकदम समेवर आला.

‘‘प्लग कुठला टाकलास?’’

‘‘होता तोच. चांगला होता.’’

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग खिशातून रुमाल काढला आणि टाकी पुसायला लागले. बराच वेळ एकाच जागी पुसत होते.

पुढच्या मंगळवारी टेम्पोत घालून ती आरटीओला जाईल. आरसी नसताना रस्त्यावर आणायची नाही, असा बाबांचा हुकूम आहे. अर्जावर सही त्यांची, किक माझी.

तुमच्याही पार्किंगमध्ये अशी एखादी असेल तर...

• सुरू झाली म्हणजे चालवण्याजोगी झाली असं नाही. टायर, ब्रेक शूज, क्लचची आणि ब्रेकची वायर, चेन मेकॅनिककडून तपासून घ्या.

• टायरवरचे चार आकडे वाचा. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं होतं.

• बंदिस्त पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही.

• आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीत ते महिनोन्महिने साठवू नका. रबरी पाइपवर लक्ष ठेवा.

• आरसीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला नवी सुरक्षा नंबरप्लेट. हे सगळं झाल्याशिवाय फेरफटका नाही.

• आणि प्लग काढायच्या आधी, शेवटचा तो कुणी बदलला होता हे घरात विचारा.